मागचं क्राऊन-पिनियन बदलताय? या चुका टाळा

नागपूरच्या वर्धा रोडवर ऐंशीला जीप किंचाळायला लागली की मालकाच्या डोक्यात मागच्या एक्सलचं रेशो बदलायचं भूत शिरतं. विचार चुकीचा नसतो, आकडा चुकतो. माझाही चुकला.

विलीज घराण्यातल्या जुन्या जीपला बहुधा ५.३८ चं रेशो सापडतं: क्राऊनला, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाला, ४३ दात; त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ८. म्हणजे गिअरबॉक्सकडून एक्सलकडे येणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त, वेग कमी. हे उलटं धरून बसलेले गॅरेजमध्ये रोज भेटतात.

मी कुणाच्या तरी सांगण्यावरून थेट ४.२७ बसवलं. त्याच महिन्यात हौसेनं २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ चे टायर घातले. टायर चार टक्क्यांनी उंच, म्हणजे ४.२७ चं काम ४.१० सारखं झालं. ओढ जवळजवळ चौथाईनं गेली. बुटीबोरीपर्यंत मजा आली. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला मात्र प्रत्येक वेळी क्लच घासूनच गाडी हलायची, आणि मे महिन्यातला तो जळका वास अजून नाकात आहे. पावसाळ्याआधी प्लेट गेली. वर टॉप गिअर पंचेचाळीसला हिसके द्यायचा, म्हणून शहरात तिसऱ्यातच फिरत होतो. डिझेल वाचलं कुठे?

म्हणून आधी कागद घ्या. २१५/७५ आर १५ चा घेर २.२१ मीटर. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, चाकाचे साधारण ६०३ फेरे. टॉप गिअर सरळ १ ला १ असेल तर ५.३८ वर इंजिन ३२४० आरपीएमला, ४.८८ वर २९४० ला, ४.२७ वर २५७५ ला. आता तुमचं इंजिन कुठे खुशीत चालतं ते पाहा. समृद्धी महामार्ग वर्षातून दोनदा, सीताबर्डी रोज, हेही त्याच कागदावर लिहा. गिअरबॉक्स पाच गिअरचा मिळत असेल आणि पाचवा ०.८५ चा असेल, तर ५.३८ ठेवूनही ऐंशीला २७५० च येतात आणि पहिल्या गिअरची ओढ शाबूत राहते. आज पुन्हा करायचं असतं तर मी आधी हेच केलं असतं.

जुना माल घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. दात मोजा. उघडायचं नसेल तर गाडी न्यूट्रलला घाला, एक मागचं चाक जॅकवर घ्या, दुसरं जमिनीवर राहू द्या आणि उचललेलं चाक दोन फेरे फिरवा. शाफ्टचे जितके फेरे होतील तेवढा रेशो. इथे एकच फेरा फिरवून ‘अडीचचं रेशो दिसतं’ म्हणणारेही पाहिलेत. दुसरं चाक स्थिर असताना डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी एक्सलमधली दातेरी जुळणी, हिशेब अर्धा करतं, बाप्पा.

एका सेटचं क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन कधीही जोडू नका, ते जोडीनंच घासून बसवलेले असतात. डाना ४४ जातीच्या एक्सलमध्ये आणखी एक खोच आहे: ज्यावर क्राऊन बसतं तो कॅरिअर ३.७३ पर्यंत एक, ३.९२ पासून पुढे दुसरा. नुसतं क्राऊन-पिनियन आणलं आणि कॅरिअर जुळला नाही, की मिस्त्री म्हणतो, “भाऊ, काहून घाई केली?” गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारी, असेल तर पुढचा एक्सलही त्याच रेशोचा हवा, नाहीतर पक्क्या रस्त्यावर फोर लावताच सगळं एकमेकांशी भांडतं.

बसवल्यावर गुणगुण ऐकू आली तर ती रेस देताना येते की सोडताना, हे मिस्त्रीला सांगा. शिम, म्हणजे दात नीट जुळवायच्या पातळ चकत्या, बदलताना त्याला त्याचा उपयोग होतो.

आणि मीटर. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून, म्हणजे गिअरबॉक्सची ओढ पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीवरून, येत असल्यामुळे त्याला एक्सलमधला बदल कळतच नाही. ५.३८ चं ४.२७ केल्यावर काटा ऐंशीवर असतो तेव्हा जीप शंभरावर असते.