विमानाची नोंदणी परक्या देशात का होते, ते अक्षरांवरून कसे ओळखावे

बेळगावच्या सांबरा विमानतळावर विमानाकडे चालत जाताना त्याच्या मागच्या भागावर, शेपटीजवळ रंगवलेली अक्षरे आधी पाहावीत. ती 'व्हीटी'ने सुरू होत असतील, तर विमानाची नोंदणी भारतात आहे. 'ईआय' म्हणजे आयर्लंड, 'टीसी' म्हणजे तुर्कस्तान, 'टी७' म्हणजे सान मारिनो, तर 'व्हीपी-बी' किंवा 'व्हीक्यू-बी' म्हणजे बर्म्युडा. नागरी विमानवाहतुकीविषयीच्या १९४४च्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारानुसार ज्या देशात नोंदणी होते त्या देशाचे राष्ट्रीयत्व विमानाला मिळते, आणि एका वेळी एकाहून अधिक देशांत नोंदणी ग्राह्य धरली जात नाही.

बेळगावची केए २२ आणि कोल्हापूरची एमएच ०९ या गाड्यांच्या दोन्ही पाट्या रोज पाहणाऱ्या आपल्या भागाला यातले निम्मे आधीच ठाऊक आहे. कोल्हापूरहून आणलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ बेळगावात ठेवायची, तर नवी नोंदणी करावी लागते. कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा असतो आणि बँकेच्या संमतीवाचून पुढचे कागद हलत नाहीत. विमानाच्या बाबतीतही मालक कोण, चालवणारा कोण, पैसे कोणाचे आणि नोंदणी कुठली, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारावेत. बहुतेक गैरसमज ही उत्तरे एकत्र कालवल्यामुळे होतात.

सर्वांत मोठा गैरसमज मालकीचा आहे. भारतीय कंपन्यांची पुष्कळ विमाने आयर्लंडसारख्या देशांतील भाडेपट्टा कंपन्यांच्या मालकीची असतात. तरीही केवळ विमान भाड्याने घेतलेले असेल, म्हणजे ड्राय लीज असेल, तर ते सामान्यतः भारतातच नोंदले जाते आणि त्यावर 'व्हीटी' असते. वेट लीजमध्ये मात्र वैमानिक, देखभाल आणि विमा यांसह विमान येते, म्हणून नोंदणी मूळ देशाचीच राहते. २०२३पासून इंडिगोने दिल्ली–इस्तंबूल मार्गावर तुर्की कंपनीकडून घेतलेली मोठी बोइंग विमाने याच पद्धतीने उडवली.

परदेशी नोंदणीमागे फक्त करबचत असते असे सर्रास म्हटले जाते. कराचा हिशेब असतोच, पण माझ्या मते खरा प्रश्न हा आहे की भाडे थकले तर मालकाला विमान परत मिळेल का, आणि किती दिवसांत. शेकडो कोटींची वस्तू एका रात्रीत देशाबाहेर उडू शकते आणि न्यायालयाच्या एका आदेशाने वर्षभर जमिनीवर अडकूही शकते. म्हणूनच २००१ मध्ये केपटाउन करार झाला आणि २००८ मध्ये भारतही त्यात सामील झाला. त्यानुसार विमान कंपनी मालकाच्या किंवा कर्जदात्याच्या नावे 'आयडेरा' हे अधिकारपत्र देते. नोंदणी रद्द करून विमान देशाबाहेर नेण्याची विनंती त्याच्या आधारे थेट नोंदणी अधिकाऱ्याकडे करता येते. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही भारतीय विमान कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा दिवाळखोरी कायद्यानुसार मालमत्ता परत घेण्यावर आलेल्या स्थगितीमुळे हे पत्र हाती असूनही मालकांना विमाने नेता आली नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिल्यावर वाट मोकळी झाली. अशा विलंबाची किंमत पुढच्या प्रत्येक भाड्यात धरली जाते, आणि अखेर ती तिकिटात उतरते. २०२५ मध्ये संसदेने केपटाउन करारासाठी स्वतंत्र कायदा केला तो याच कारणाने.

मालकाला चालवणाऱ्याच्या देशातील न्यायालयांचा किंवा तपासणीचा भरवसा नसेल, तर तो तिसऱ्या देशात नोंदणीचा आग्रह धरतो. येथे देखभालीच्या नोंदींना फार महत्त्व असते. बेळगावजवळच्या हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे सांगायला नको: कागद नसलेला भाग कितीही अचूक असला तरी विमानात बसवता येत नाही. संपूर्ण विमानालाही तोच न्याय लागतो; नामांकित नोंदणीखालील विमान भाडेपट्टा संपल्यावर दुसऱ्या कंपनीला लवकर देता येते. शिकागो कराराच्या अनुच्छेद ८३ बिसनुसार नोंदणीचा देश सुरक्षेच्या देखरेखीची काही जबाबदारी चालवणाऱ्याच्या देशाकडे सोपवू शकतो. रशियन कंपन्या चालवत असलेली शेकडो विमाने अशीच बर्म्युडात नोंदलेली होती. मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्धानंतरच्या निर्बंधांमुळे देखरेख ठेवणे अशक्य झाल्याने, बर्म्युडाने त्यांची उड्डाणयोग्यतेची प्रमाणपत्रे स्थगित केली. रशियाने ती विमाने आपल्याकडे नोंदून घेतली, आणि दुहेरी नोंदणीचा पेच उभा राहिला.

स्वतः पडताळणी करायची असेल, तर अक्षरे टिपून घ्यावीत आणि 'व्हीटी' असल्यास नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरील नोंदणीकृत विमानांच्या यादीत शोधावीत. अक्षरे परक्या देशाची दिसली, तर तिकिटावर उड्डाण प्रत्यक्षात कोण चालवणार म्हणून लिहिले आहे ते वाचावे. तिकीट विकणाऱ्या कंपनीहून तेथे वेगळे नाव असेल, तर ते वेट लीजचे किंवा त्या दुसऱ्या कंपनीचे नेहमीचे विमान असू शकते, आणि सामान्यतः त्याच्या उड्डाणयोग्यतेची तपासणी त्या अक्षरांचा देश करतो.