स्लो वर्मची लांबी दोऱ्याने मोजा

ब्रिटनमध्ये बागेच्या कडेला दिसणारा स्लो वर्म सापासारखा दिसतो, पण तो बिनपायांची पाल आहे, डोळे मिटतो. अर्ध्या मीटरच्या आसपासचा मोठा नमुना दिसला की त्याची लांबी घ्यायची असते. तो सरळ राहत नाही, आणि ओढला तर शेपूट तुटते.

१. हिरवळीच्या कडेला, कुंपणाजवळ, ऊन येईल अशा जागी छपराच्या डांबरी फेल्टचे किंवा पन्हळी पत्र्याचे अर्धा मीटर चौरस तुकडे पसरा. काही आठवडे हलवू नका, म्हणजे स्लो वर्म उबेसाठी त्यांच्याखाली येऊन बसतात.

२. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरात, साधारण १० ते १८ अंश तापमानाच्या सकाळी, तुकडा उचलून पाहा. भर उन्हात पत्रा तापला की खाली कुणी थांबत नाही.

३. प्राण्याला मधोमध दोन्ही हातांनी अलगद उचलून पारदर्शक डब्यात ठेवा. डब्याच्या बुडाला पारदर्शक मोजपट्टी आधीच चिकटवलेली हवी. खालून फोटो काढा आणि जिथे उचलला तिथेच सोडा.

४. घरी फोटो छापून अंगाच्या मधोमध दोरा वळवत न्या, मग तो फोटोतल्याच पट्टीवर धरा. नाकापासून पोटाखालच्या छिद्रापर्यंतचं (तिथून शेपूट सुरू होते) माप वेगळं, शेपटीचं वेगळं लिहा. हे माझ्या मते सर्वात महत्त्वाचं, कारण तुटून पुन्हा आलेली शेपूट आखूड व बोथट असते. नुसत्या एकूण लांबीवरून थोराड प्राणीही लहान ठरतो.

जपून: याच तुकड्यांखाली ॲडर हा विषारी सापही बसतो. जाड हातमोजे घाला आणि तुकडा पलीकडच्या कडेने, स्वतःकडे उचला.