मोठे टायर आणि मागचा एक्सल
तोरणमाळकडे सातपुड्यात फिरायला जुन्या जीपला मोठे टायर टाकले अन् मागचं टायर फेंडरच्या पुढच्या कडेला घासतंय, तर लगेच पत्रा कापू नका भाऊ. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत पाटे अन् एक्सलच्या मध्ये ऑफसेट प्लेट, म्हणजे भोक सरकवलेली पट्टी, टाकून एक्सल इंचभर मागे घेता येतो, फक्त सेंटर बोल्टचं (पाटे एक्सलवर जागेवर धरणाऱ्या बोल्टचं) प्लेटमधलं नवं भोक एक्सलवरच्या जुन्या भोकाच्या पुढे येतं, मागे नाही, इथेच बरेच चुकतात. खरी काळजी प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या दांड्याची), एक्सल मागे गेला की त्याचा स्लिप जॉइंट (आत-बाहेर सरकणारा जोड) तेवढा बाहेर ओढला जातो, म्हणून स्प्लाइन (जोडातला खाचांचा भाग) किती आत उरली ते पाटे लटकवून अन् गाडी फुल लोड करून दोन्ही वेळा बघाच, कमी वाटली तर शाफ्ट लांब करून बॅलन्स करा. ब्रेक होज, हँडब्रेक केबल ताणली जात नाही ना तेही बघा. दोन्ही बाजूंचं माप सारखंच हवं, नाहीतर गाडी तिरकी चालेल.