अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसचे राज्यवार निकाल कसे वाचावेत: सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

सोलापुरात इतिहास किंवा राज्यशास्त्र शिकणारे काही विद्यार्थी प्रकल्पासाठी अमेरिकेच्या प्रारंभीच्या निवडणुकांचा विषय घेतात, आणि त्यांच्या वहीतला पहिला तक्ता बहुधा एकाच साच्याचा असतो: राज्य, उमेदवार, पक्ष, मते, विजयी. १७८८ ते १७९० या काळातील प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या लोकनियुक्त सभागृहाच्या, निवडणुकांसाठी हा तक्ता पुरत नाही. त्या निवडणुका प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने स्वतः केलेल्या कायद्याने, वेगवेगळ्या तारखांना आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या नियमांनी झाल्या होत्या. त्यामुळे या अभ्यासात एकच शिस्त पाळावी लागते: आधी त्या राज्याचा निवडणूक कायदा वाचावा आणि नंतरच आकड्यांना हात लावावा.

आपल्याला हे सहज सुचत नाही, कारण आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३२४ नुसार लोकसभेच्या आणि विधानसभांच्या निवडणुकांचे अधीक्षण, निदेशन व नियंत्रण एकाच निवडणूक आयोगाकडे आहे. जून १९४९ मध्ये संविधान सभेत यासंबंधीची तरतूद मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की, वंश, भाषा किंवा संस्कृती यांनी वेगळ्या असलेल्या लोकांना काही प्रांतांत मतदार यादीबाहेर ठेवले जात असल्याचे निदर्शनास आले आहे आणि म्हणून ही यंत्रणा प्रांतांच्या हाती ठेवता येणार नाही. अमेरिकेच्या संविधानाने १७८७ मध्ये याच्या उलट मार्ग घेतला. त्याच्या पहिल्या अनुच्छेदाच्या चौथ्या कलमाने मतदानाची वेळ, ठिकाण आणि पद्धत ठरवण्याचे काम राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले. या नियमांत बदल करण्याचा अधिकार काँग्रेसला होता, पण पहिल्या निवडणुकीच्या वेळी तो वापरण्यासाठी काँग्रेसच अस्तित्वात नव्हती. मत कोणी द्यायचे हेही राज्यांवरच अवलंबून होते, कारण राज्य विधिमंडळाच्या मोठ्या सभागृहासाठी जो मतदार, तोच प्रतिनिधिगृहासाठी मतदार, असे दुसऱ्या कलमाने ठरवले होते.

तक्त्याचा पहिला रकाना जागांचा असावा. जनगणना होईपर्यंत संविधानानेच ६५ जागांची वाटणी करून दिली होती: व्हर्जिनिया १०, मॅसॅच्युसेट्स व पेनसिल्व्हेनिया प्रत्येकी ८, न्यूयॉर्क व मेरिलँड प्रत्येकी ६, कनेटिकट, नॉर्थ कॅरोलायना व साऊथ कॅरोलायना प्रत्येकी ५, न्यू जर्सी ४, न्यू हॅम्पशर व जॉर्जिया प्रत्येकी ३, ऱ्होड आयलंड व डेलावेअर प्रत्येकी १. नॉर्थ कॅरोलायनाने नोव्हेंबर १७८९ मध्ये आणि ऱ्होड आयलंडने मे १७९० मध्ये संविधानाला संमती दिली, म्हणून आरंभी प्रत्यक्षात ५९ जागांसाठीच निवडणूक झाली. या रकान्याखाली एक टीप अवश्य लिहावी. संविधानाच्या नियमानुसार जागा ठरवताना गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांची तीन पंचमांश गणना होत असे, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. दक्षिणेकडील राज्यांच्या जागा आणि तेथील मतदारसंख्या यांची तुलना करताना हा अन्याय नजरेआड केला, तर तक्ता बरोबर दिसेल आणि निष्कर्ष खोटा निघेल.

दुसरा रकाना तारखेचा. साऊथ कॅरोलायनात २४ व २५ नोव्हेंबर १७८८ रोजी मतदान झाले, पेनसिल्व्हेनियात २६ नोव्हेंबरला, व्हर्जिनियात २ फेब्रुवारी १७८९ रोजी, न्यूयॉर्कमध्ये मार्चच्या पहिल्या आठवड्यात. नवी काँग्रेस ४ मार्च १७८९ रोजी न्यूयॉर्क शहरात भरायची होती, पण गणपूर्तीला लागणारे ३० सदस्य १ एप्रिललाच जमले आणि त्याच दिवशी फ्रेडरिक म्युलेनबर्ग सभापती झाले. म्हणून १७८८ किंवा १७८९ असे नुसते वर्ष लिहू नये, मतदानाचा दिवस लिहावा.

सर्वाधिक वेळ तिसऱ्या रकान्याला द्यावा. प्रतिनिधी मतदारसंघातून निवडला की संपूर्ण राज्यातून, हा तो प्रश्न. मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, व्हर्जिनिया आणि साऊथ कॅरोलायना यांनी मतदारसंघ पाडले. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, कनेटिकट आणि न्यू हॅम्पशर यांनी संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ मानला आणि जितक्या जागा तितकी नावे लिहिण्याची मुभा प्रत्येक मतदाराला दिली. सोलापूरकरांना हे समजणे जड जाऊ नये. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपला लोकसभा मतदारसंघ द्विसदस्यीय होता. एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती, प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि येथून शंकरराव मोरे व पां. ना. राजभोज असे दोघे खासदार झाले. अशा निकालात मतांची बेरीज आणि मतदारांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पेनसिल्व्हेनियात एका मतदाराकडे आठ नावे होती, त्यामुळे तेथील सर्व उमेदवारांची मते मिळवून ‘इतक्या लोकांनी मतदान केले’ असे लिहिणे सर्वस्वी चुकीचे ठरते. बेरजेला आठाने भागले तर निदान इतके मतदार होते, एवढेच म्हणता येते, कारण काही जण आठांपेक्षा कमी नावे लिहीत.

पेनसिल्व्हेनियाचा निकाल आणखी एका कारणाने बारकाईने पाहावा. तेथे फेडरलिस्टांची, म्हणजे नव्या संविधानाच्या समर्थकांची, लँकेस्टर येथे ठरलेली उमेदवारांची यादी आणि त्यांच्या विरोधकांची हॅरिसबर्गची यादी, अशा दोन याद्या समोरासमोर होत्या. लँकेस्टर यादीतील सहा जण निवडून आले आणि हॅरिसबर्ग यादीतील दोघे, डॅनिएल हीस्टर आणि पीटर म्युलेनबर्ग. हे दोघेही जर्मन वंशाचे होते आणि राज्यातील जर्मन मतदारांचा त्यांच्या यशात मोठा वाटा होता. मतदार उमेदवारांची यादी जशीच्या तशी स्वीकारत नव्हता, हे यातून दिसते. तेव्हा उमेदवारांची मते यादीनिहाय एकत्र न करता प्रत्येकाची स्वतंत्र लिहावीत.

मेरिलँड आणि जॉर्जिया यांनी मधला मार्ग काढला, आणि विद्यार्थी सर्वांत जास्त येथेच फसतात. मेरिलँडमध्ये सहा मतदारसंघ होते व प्रत्येकातून तेथील रहिवासी असलेला एक प्रतिनिधी घ्यायचा होता, परंतु मतदान मात्र राज्यभरातील सगळ्या मतदारांनी सहाही जागांसाठी करायचे होते. या नियमाने एखाद्या भागातील लोकांनी नाकारलेला माणूसही इतर भागांच्या मतांवर त्यांचाच प्रतिनिधी होऊ शकत होता. सहाही जागा फेडरलिस्टांना मिळाल्या, यावरून विरोधकांचा जोर कोठेच नव्हता असा अर्थ काढू नये. डेलावेअरला एकच जागा असूनही प्रत्येक मतदाराने दोन नावे द्यायची होती आणि त्यांपैकी किमान एक आपल्या कौंटीबाहेरच्या (कौंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) माणसाचे असायला हवे होते. असे नियम तक्त्यात ‘इतर’ म्हणून ढकलू नयेत, एका वाक्यात का होईना पूर्ण लिहावेत.

मतदारसंघ असलेल्या राज्यांत निकाल मुळात कौंटीवार किंवा गाववार नोंदलेले असतात. ते जोडताना कोणत्या कौंटी कोणत्या मतदारसंघात होत्या हे कायद्यातूनच घ्यावे. आपल्याकडे बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यात असूनही उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात मोडतो, तेव्हा नकाशावरच्या जवळिकीवरून अंदाज बांधणे किती धोक्याचे आहे हे आपण जाणतो. व्हर्जिनियाचा पाचवा मतदारसंघ आठ कौंटींचा होता. संविधानाचे विरोधक पॅट्रिक हेन्री यांच्या प्रभावाखालील विधिमंडळाने त्याची रचना संविधानाचे समर्थक जेम्स मॅडिसन यांना अडचणीची होईल अशी केली, अशी मॅडिसन यांच्या समर्थकांची तक्रार होती. उमेदवार बारा महिने त्याच मतदारसंघाचा रहिवासी असावा अशी अटही घातलेली होती, त्यामुळे मॅडिसन यांना सोयीची जागा शोधून दुसरीकडे उभे राहता येत नव्हते. ते जेम्स मन्रो यांच्याविरुद्ध लढले आणि १,३०८ विरुद्ध ९७२ मतांनी जिंकले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या दोघांची ही लढत ३३६ मतांनी सुटली. संविधानात मूलभूत हक्कांच्या दुरुस्त्या आणण्याचे आश्वासन मॅडिसन यांनी या प्रचारात दिले आणि ८ जून १७८९ रोजी त्या सभागृहात मांडल्या. राज्याच्या कायद्यातील एक अट देशाच्या इतिहासात कोठवर पोहोचते, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

चौथा रकाना जिंकण्याच्या अटीचा. बहुतेक राज्यांत सर्वाधिक मते पुरेशी होती. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशर येथे मात्र निम्म्याहून अधिक मते लागत, आणि ती कोणालाच न मिळाल्यास पुन्हा मतदान घ्यावे लागे. न्यू हॅम्पशरमध्ये डिसेंबर १७८८ च्या मतदानात कोणीच ही अट पूर्ण करू शकला नाही, म्हणून २ फेब्रुवारी १७८९ रोजी दुसरी फेरी झाली. मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पशर-बर्कशर मतदारसंघात थिओडोर सेजविक पाचव्या फेरीत निवडून आले, तेव्हा काँग्रेसचे कामकाज सुरू होऊन आठवडे लोटले होते. प्रत्येक फेरीसाठी वेगळी ओळ ठेवावी. केवळ शेवटच्या फेरीचे आकडे लिहिले, तर आधीच्या फेऱ्यांत कोण उभे होते, कोण मागे हटले आणि मते कोणाकडे वळली, हा सगळा राजकीय व्यवहार पुसला जातो.

मतदान बंद कधी झाले, हेही विचारावे लागते. न्यू जर्सीत ११ फेब्रुवारी १७८९ रोजी मतदान सुरू झाले, परंतु ते कधी संपवायचे हे कायद्यात नव्हते. पश्चिम व पूर्व भागांचे उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे असल्याने काही कौंटींनी मतदान लांबवत नेले आणि एसेक्स कौंटीने तर एप्रिल अखेरपर्यंत. गव्हर्नर विल्यम लिव्हिंग्स्टन आणि त्यांच्या मंडळाने एसेक्सची वाट न पाहता मार्चमध्येच चार विजेते जाहीर केले. प्रकरण प्रतिनिधिगृहाकडे गेले आणि सप्टेंबर १७८९ मध्ये सभागृहाने त्या चौघांची निवड वैध ठरवली. न्यू जर्सीचा एकच एक ‘अंतिम आकडा’ शोधत बसण्याऐवजी हा क्रम तारखांसह लिहावा.

मतदार आणि मतदानाची रीत यांसाठी एक जोडरकाना पुरतो. व्हर्जिनियात जमीनधारक पुरुष उघडपणे, तोंडी मत देत. पेनसिल्व्हेनियात आणि न्यू इंग्लंडच्या राज्यांत कागदी चिठ्ठी होती. न्यू जर्सीच्या १७७६ च्या संविधानाने ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या सर्व रहिवाशांना मताधिकार दिला होता, त्यात स्त्री-पुरुष असा भेद नव्हता, आणि १७९० च्या राज्य कायद्यात मतदाराचा उल्लेख ‘तो किंवा ती’ असा आला. विवाहित स्त्रीच्या नावे मालमत्ता राहत नसल्याने व्यवहारात हा हक्क अविवाहित स्त्रिया आणि विधवा यांच्यापुरता होता, आणि १८०७ मध्ये विधिमंडळाने तोही काढून घेतला.

पक्षाचा रकाना शेवटी आणि पेन्सिलीने भरावा. १७८९ मध्ये आजच्या अर्थाने पक्ष नव्हते. फेडरलिस्ट आणि अँटीफेडरलिस्ट ही नावे संविधानाला पाठिंबा किंवा विरोध दाखवत होती. अनेक तक्त्यांत आढळणारे ‘प्रशासनाच्या बाजूचे’ व ‘प्रशासनाच्या विरोधातले’ हे शिक्के नंतरच्या अभ्यासकांनी सदस्यांच्या सभागृहातील मतदानावरून लावलेले आहेत. मतदाराने चिठ्ठी टाकली तेव्हा तो शिक्का त्याच्यापुढे नव्हता.

आकडे मिळवण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी आणि टफ्ट्स विद्यापीठ यांचा ‘अ न्यू नेशन व्होट्स’ हा संग्रह इंटरनेटवर विनामूल्य खुला आहे. फिलिप लॅम्पी यांनी अनेक वर्षे जुनी वृत्तपत्रे चाळून हाताने उतरवून घेतलेल्या निकालांवर तो उभा आहे. १७८७ ते १८२५ मधील निकाल त्यात राज्य, वर्ष आणि पदानुसार शोधता येतात. तेथे एखाद्या कौंटीपुढे आकडा नसेल तर शून्य लिहू नये, ‘नोंद नाही’ असे लिहावे, कारण त्या दोहोंचा अर्थ वेगळा आहे.

पहिली काँग्रेस पूर्ण झाली की तोच तक्ता १७९२ पर्यंत न्यावा. १७९० च्या जनगणनेनंतर जागा १०५ झाल्या. तत्पूर्वी १२० जागांचे विधेयक वॉशिंग्टन यांनी एप्रिल १७९२ मध्ये नाकारले होते, आणि तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने वापरलेला पहिला नकाराधिकार होता. पेनसिल्व्हेनियाने दुसऱ्या काँग्रेससाठी मतदारसंघ पाडले, १७९२ मध्ये तेराही जागांसाठी पुन्हा संपूर्ण राज्य एक केले आणि १७९४ मध्ये परत मतदारसंघांकडे वळले, म्हणून पद्धतीचा रकाना प्रत्येक निवडणुकीला नव्याने भरावा. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी असा नियम काँग्रेसने १८४२ मध्ये केला, पण चार राज्यांनी तो न पाळताच प्रतिनिधी पाठवले आणि सभागृहाने त्यांना बसूही दिले. तारखेचा रकाना तर त्याहून पुढे लागतो. नोव्हेंबरमधील समान दिवसाचा कायदा १८७२ चा असला तरी मेन राज्यात १९५८ पर्यंत सप्टेंबरमध्येच मतदान होत होते.