समुद्र तिरका आलाय? फोटोपीवर सरळ करा

दुपारी तारकर्लीला काढलेल्या फोटोत हमखास दोन घोळ, समुद्राची रेघ तिरकी आणि चेहरे काळे. कॉम्प्युटरवर ब्राउजरमध्ये फोटोपी ही फोटो एडिट करायची साइट उघडा, फुकट आहे, बाजूला जाहिराती दिसतात तेवढं चालवून घ्या. आधी क्रॉप टूलची चौकट बाहेरून धरून फिरवा, क्षितिज सरळ झालं की एंटर. मग कंट्रोल जे दाबून लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी करा, म्हणजे वर काही बिघडलं तरी मूळ फोटो खाली तसाच राहतो. चेहऱ्यांसाठी इमेज, अॅडजस्टमेंट्स, शॅडोज हायलाइट्स, पण शॅडोज, म्हणजे काळोखे भाग उजळणारं बटण, थोडंच वाढवा हां, मी तोंडं उजळायच्या नादात मागचे माडसुद्धा राखाडी करून ठेवलेले. शेवटी एक्स्पोर्ट अॅजमधून जेपीजी घ्या, पीएसडी, म्हणजे लेयरवाली एडिटिंगची फाइल, पाठवलीत तर व्हॉट्सअॅपवर कुणालाच फोटो दिसायचा नाही.