बेरियमचा एक्स-रे: टेबलावर चढण्याआधी आणि उतरल्यावर होणाऱ्या चुका

"सकाळपासून काही खाल्लंय का?" मी विचारलं. "छे, काही नाही," असं ठाम उत्तर आलं. बेरियमचे पहिले चार घोट पोटात उतरले आणि पडद्यावर जठरात ढगासारखे पुंजके तरंगायला लागले. "आजोबा, खरंच काही घेतलं नव्हतं?" "खाल्लं काहीच नाही हो. फक्त दूध प्यायलो, पहाटे." चूक त्यांची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. तेव्हापासून मी "तोंडात काय काय गेलं?" असं विचारते. त्यांची तपासणी मात्र पुढे ढकलावी लागली, कारण प्यायलेलं बेरियम आतड्यातून पुरतं बाहेर पडल्याशिवाय नवीन सुरुवात करता येत नाही.

एक्स-रे विभागात इतकी वर्षं काढल्यावर माझा अनुभव असा की टेबलावर फारशा चुका होत नाहीत, तिथे सांगायला आम्ही उभे असतो. चुका होतात त्या आदल्या रात्री घरी आणि तपासणीनंतरच्या दोन-तीन दिवसांत. बेरियम म्हणजे काय हे नीट कळलं, तर त्यातल्या बहुतेक टळतात.

बेरियम सल्फेट ही पांढरी, जड पूड. पाण्याच्या जवळजवळ साडेचार पट जड. साध्या एक्स-रेत जठर, आतडी ओळखू येतील इतकी उठून दिसत नाहीत, कारण किरण त्यांच्यातून सहज आरपार जातात. बेरियम हे किरण अडवतं, म्हणून ते जिथे पसरेल तिथला आतला आकार उमटतो. ते पाण्यात विरघळत नाही, रक्तात उतरत नाही. तोंडावाटे आत गेलं की अन्नाच्याच वाटेने पुढे सरकत जातं आणि शौचावाटे बाहेर पडतं. म्हणून वाट आधी रिकामी हवी, आणि नंतर ते सगळं बाहेर पडायला हवं. पुढच्या निम्म्याहून जास्त सूचना यातूनच निघतात. (बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, जठरातल्या आम्लात विरघळणारं बेरियम कार्बोनेट तर उंदीर मारायला वापरलं जायचं. नुसतं 'बेरियम' असं शोधून घाबरणारे रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात. तपासणीत सल्फेटच देतात, आणि 1910 पासून देत आले आहेत. त्याआधी बिस्मथचे क्षार पाजायचे, त्यातून विषबाधा व्हायची.)

"उपाशीपोटी" याचा सोयीचा अर्थ लावणं

अन्ननलिका, जठर किंवा लहान आतड्याची तपासणी असेल तर साधारणपणे आदल्या मध्यरात्रीपासून, निदान सहा तास तरी, काही घ्यायचं नाही. दूध, चहा, कॉफी, फळांचा रस, सगळं 'काही'मध्येच मोडतं. जठरात उरलेला अन्नाचा गोळा पडद्यावर गाठीसारखा दिसू शकतो आणि पाण्याने बेरियम पातळ होऊन भिंतीला नीट चिकटत नाही. सिगारेट आणि च्युइंगगमही नको, त्यांनी जठरातला स्राव वाढतो. दात घासा, चूळ भरा, पण पाणी गिळू नका.

गोळ्यांच्या बाबतीत लोक दोन टोकं गाठतात. कुणी रोजच्या सगळ्या गोळ्या ग्लासभर पाण्याबरोबर घेऊन येतं, तर कुणी फिट्सची किंवा हृदयाची गोळीही चुकवून येतं. दुसरी चूक जास्त धोक्याची. अशा आवश्यक गोळ्या बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, पण कोणती घ्यायची आणि कोणती थांबवायची हे तारीख घेतानाच विचारून ठेवा. मधुमेह असेल तर सकाळची पहिली वेळ मागा. इन्शुलिन घेऊन उपाशी बसणं म्हणजे साखर खाली जाण्याला आमंत्रणच, तेव्हा त्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तपासणीनंतर लगेच खायला काहीतरी जवळ ठेवा.

जुलाबाचं औषध अर्धंच घेणं

हे बेरियम एनिमाबद्दल, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तपासणीबद्दल. इथे बेरियम खालून, गुदद्वारावाटे सोडतात. तयारी एक-दोन दिवस आधी सुरू होते: चोथा कमी असलेलं जेवण, मग फक्त आरपार दिसतील असे पातळ पदार्थ, भरपूर पाणी आणि जुलाबाचं औषध. दोन-तीनदा जाऊन आल्यावर "झालं की साफ" असं वाटून पुष्कळजण उरलेलं औषध ठेवून देतात. आतड्यात राहिलेला मळाचा खडा आणि भिंतीवर उगवलेला पॉलिप, म्हणजे मांसाचा लहान कोंब, पडद्यावर सारखेच दिसतात. आम्ही रुग्णाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवतो त्याचं एक कारण हेच. खडा जागा सोडतो, पॉलिप तिथेच राहतो. पण खडेच खडे असतील तर कुणाकुणाला घरंगळताना पाहायचं? मग रिपोर्टमध्ये "तयारी अपुरी" असा शेरा येतो आणि सगळा खटाटोप पुन्हा. शेवटी शेवटी पिवळसर पाणीच येतंय, त्यात गाळ नाही, असं झालं की समजा साफ झालं.

जोराच्या जुलाबात इतर गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा, पुरत्या शोषल्या जात नाहीत, हेही ध्यानात असू द्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर कोणतं जुलाबाचं औषध चालेल ते आधी विचारा.

सांगायच्या गोष्टी मनात ठेवणं

गरोदर असाल, किंवा पाळी चुकली असेल, तर खोलीत शिरण्याआधी सांगा. तपासणीला किरण बऱ्यापैकी लागतात: जठराच्या तपासणीला सुमारे 6 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक), एनिमाला सुमारे 8. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यावरून अंदाज बांधा. मोठ्या माणसासाठी कारण असेल तर हा धोका पत्करण्यासारखाच असतो, पोटातल्या बाळाचा प्रश्न वेगळा. बाळाला अंगावर पाजणाऱ्यांनी मात्र काळजी करू नये. बेरियम रक्तात जात नाही, दुधातही उतरत नाही.

नुकतीच बायोप्सी झाली असेल, म्हणजे तपासायला आतला तुकडा काढला असेल, तर तिची तारीख सांगा; आतड्याचा खोलवर तुकडा काढला असेल तर आठवडाभर तरी थांबतात. पोटाचं ऑपरेशन, अचानक उठलेली असह्य पोटदुखी, शौच-वारा पूर्ण बंद, हे सगळं सांगायचंच. आतड्याला भोक पडलं असेल आणि बेरियम पोटाच्या पोकळीत सांडलं तर ते तिथून निघत नाही, उलट जोराची सूज आणतं. अशी शंका असेल तेव्हा पाण्यात विरघळणारं, आयोडीनचं औषध वापरतात. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही बोला. कारण घोट फुफ्फुसाकडे गेला तर काय, हे पाहून आम्ही औषध आणि घोटाचं माप ठरवतो.

याच्या उलट, नसती भीती घेऊन येणारेही खूप. "माझं क्रिएटिनिन वाढलंय, डाय चालेल का?" क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्ताचा आकडा, आणि ती चिंता सीटी स्कॅनला शिरेतून देतात त्या आयोडीनच्या औषधाबद्दलची. बेरियम मूत्रपिंडापर्यंत पोहोचतच नाही. ॲलर्जीही क्वचितच होते, ती बहुधा त्यात घातलेल्या स्वादाची किंवा इतर घटकांची. पूर्वी कधी काही झालं असेल तर तेवढं सांगा.

टेबलावर

गाऊन घालायचा, गळ्यातलं-कमरेचं धातूचं सगळं काढायचं. चेन, हूक, बटणं नेमकी हव्या त्या जागेवर उमटतात. बेरियम चवीला खडू कालवल्यासारखं, वर गोडसर वास मारलेला. छान लागतं असं मी कुणाला सांगत नाही. टेबल उभं असतं, ते हळूहळू आडवं होतं, "घोट तोंडात धरा... आता गिळा... श्वास रोखा" अशा सूचना येत राहतात.

जठराच्या तपासणीत आधी एक फसफसणारी पूड देतात. सोडा आणि आम्ल एकत्र येऊन पोटात वायू होतो, जठर फुग्यासारखं ताणलं जातं आणि बेरियमचा पातळ थर भिंतीच्या घड्या दाखवतो. इथे एकच काम तुमचं, ढेकर द्यायची नाही. प्रत्येकाला येते. तोंड मिटून, लाळ गिळत राहिलं की बऱ्याच वेळा दबते. निघून गेलीच तर लपवू नका; फुगा बसला की आम्हाला पडद्यावर दिसतंच, पूड पुन्हा देता येते.

लहान आतड्याच्या फॉलो-थ्रूला वेळ लागतो. बेरियम पुढे सरकेल तसे फोटो काढतात, त्यात एक ते तीन तास सहज जातात, कधी जास्तही. "अर्ध्या तासात सुटेन" असं घरी सांगून येऊ नका. मधल्या वेळात चालत राहा किंवा उजव्या कुशीवर पडा, जठर लवकर रिकामं होतं.

एनिमाला लोक सर्वांत जास्त लाजतात. डाव्या कुशीवर झोपवून बोटाएवढी नळी घालतात, बेरियम वरच्या पिशवीतून उतारानेच येतं, नंतर हवा सोडतात. पोटात कळ येते, जोराची लागल्यासारखी वाटते. ओठ किंचित उघडे ठेवून सावकाश श्वास घ्या आणि कळ वाढली की बोला. आम्ही पिशवी थांबवू शकतो, पण तुमचं दुखणं आम्हाला पडद्यावर दिसत नाही. थोडं सांडलं तर आम्हाला त्याचं काहीच वाटत नाही, खाली कागद त्यासाठीच अंथरलेला असतो. आतडं सैल करायला कधी इंजेक्शन देतात. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा हृदयविकार असेल तर ते टोचण्याआधी सांगा. त्यानंतर काही वेळ धूसर दिसतं, म्हणून स्वतः गाडी चालवत घरी जायचं नाही. पुढच्या काही तासांत डोळा लाल होऊन दुखायला लागला तर तडक डॉक्टर गाठा.

टेबलावरून उतरलं की संपलं, असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मोठं आतडं पाणी शोषून घेतं. बेरियम तिथेच रेंगाळलं तर प्लॅस्टरसारखं घट्ट होत जातं. म्हणून त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस नेहमीपेक्षा बरंच जास्त पाणी प्या (डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर विचारून), चोथ्याचे पदार्थ खा, चाला. मूळचाच बद्धकोष्ठाचा त्रास असेल तर रेचक त्याच दिवशी मागून घ्या, तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. ज्येष्ठांच्या बाबतीत घरच्यांनी हे विचारत राहावं, कारण शौचाची गोष्ट ते आपणहून काढत नाहीत.

शौच एक ते तीन दिवस पांढरट, चिकट होते आणि भांड्याच्या तळाशी बसते. दोन-तीनदा पाणी सोडावं लागतं. एरवी पांढरी शौच म्हणजे पित्ताची वाट अडल्याची खूण, पण आता तिचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. चार-पाच दिवसांनीही रंग परतला नाही आणि लघवी गडद झाली तर मात्र दाखवा. दोन दिवस शौच नाही, वारा सरत नाही, पोट फुगलंय, उलट्या, ताप, जोराची कळ किंवा रक्त, यातलं काहीही झालं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, दवाखान्यात जा आणि "अमुक दिवशी बेरियम घेतलं होतं" हे पहिल्याच वाक्यात सांगा.

याच आठवड्यात पोटाचं सीटी स्कॅन किंवा सोनोग्राफी ठरलेली असेल, तर ती आधी करून घ्यायला हवी होती. आत उरलेल्या बेरियममुळे सीटीत पट्टेच पट्टे येतात, सोनोग्राफीत त्यामागचं झाकलं जातं. उशीर झाला असेल तर निदान तिथल्या माणसांना कळवा, ते पुढची तारीख देतील.

रिपोर्टबद्दल

फोटो काढून झाले की रुग्ण माझ्या चेहऱ्याकडे बघतात. "काय दिसलं हो?" मी गंभीर दिसले तर त्याचं कारण बहुधा जेवायची वेळ टळली हेच असतं. फोटो रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे वाचणारे डॉक्टर, बघतात, रिपोर्ट ते लिहितात. बेरियम आकार दाखवतं: अरुंद झालेली जागा, फुगवटा, व्रणाचा खळगा, अन्ननलिकेचं खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं झालेलं. तुकडा काढून तपासणं त्याने होत नाही, आणि अगदी लहान, चपटे बदल निसटू शकतात. म्हणून काही संशयास्पद दिसलं तर पुढे एंडोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून पाहणं, करायला सांगतात. सगळं नॉर्मल आलं तरी गिळताना अडकणं, वजन उतरणं किंवा शौचातून रक्त जाणं चालूच असेल, तर फोटो आणि रिपोर्ट दोन्ही घेऊन ज्यांनी तपासणीला पाठवलं त्याच डॉक्टरांकडे परत जा.