पिकोलोच्या खुर्चीत बसण्याआधी

पिकोलो, म्हणजे फ्लूटचा धाकटा, चढ्या सुराचा भाऊ, शिकायचाय म्हणणाऱ्यांना मी आधी विचारते, फ्लूट किती वर्षं वाजवताय? कारण बहुतेक ऑर्केस्ट्रांत दुसरा किंवा तिसरा फ्लूटवाला गरज पडली की फ्लूट मांडीवर ठेवून पिकोलो उचलतो. मलाही खुर्ची अशीच मिळाली. मोठ्या ऑर्केस्ट्रात पिकोलोची स्वतंत्र जागा असते, पण तिथेही फ्लूट यावाच लागतो.

बोटं फ्लूटचीच, म्हणून सोपं वाटतं. वाद्य फ्लूटच्या साधारण निम्मं, कागदावर लिहिलंय त्याच्या एक सप्तक वर वाजतं. ओठांची फट जरा ढिली पडली की सूर हललाच. (बासरीवरून येणाऱ्यांना आडवी फुंक ओळखीची असते, मींडेची सवय मात्र सोडवावी लागते.)

खरी परीक्षा बसून राहण्याची. बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी, १८०८. पिकोलोला काम फक्त चौथ्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे सिम्फनीच्या शेवटच्या भागात. तोवर वीसेक मिनिटं तुम्ही गप्प आणि सोबतीला तितकेच गप्प ट्रॉम्बोनवाले. एसीत वाद्य गार पडतं, आणि गार वाद्याचा सूर उतरतो. त्यात तिसरी मूव्हमेंट न थांबता चौथीला जोडलेली, म्हणजे वाजवून सूर बघायची सोय नाही. मी पिकोलो जॅकेटच्या आत काखेशी धरून बसते आणि तिसरीचा शेवट जवळ आला की आवाज न करता आत ऊबदार श्वास सोडत राहते. टिंपनीचे (ऑर्केस्ट्रातले नगारे) ते दबके ठोके सुरू व्हायच्या आत हे उरकायचं, कारण तेव्हा सभागृहात श्वासही ऐकू जातो.

चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीत, तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये, तारवाद्यांना गज लावायचाच नसतो, सगळं बोटांनी छेडायचं. मधल्या भागात पिकोलोचा इवलासा, भयंकर वेगवान तुकडा येतो. ऑडिशनला हा बहुधा असतोच. राव्हेलच्या जी मेजर पियानो कॉन्चेर्टोची सुरुवातही मागतात: चाबकाचा एक फटकारा आणि लगेच तुम्ही.

वेगाची तयारी सगळेच करून येतात. माझ्या मते माणूस कळतो तो हळू वाजवताना. शोस्ताकोविचच्या दहाव्या सिम्फनीची (१९५३) पहिली मूव्हमेंट जवळजवळ दोन पिकोलोंवरच संपते, अगदी हलक्या आवाजात. तिथे लपायला जागा नाही. म्हणून रोज तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून लांब स्वर धरा, आधी हलके, मग मोठे. ट्यूनरच्या सुईपेक्षा कानाची सवय जास्त उपयोगी पडते, कारण मैफलीत तुम्हाला शेजारच्या फ्लूटशी आणि ओबोशी जुळवायचं असतं, सुईशी नाही.

रियाझ करताना उजव्या कानात इअरप्लग हवाच. वाद्य त्याच बाजूला असतं आणि वरचे स्वर कानाला खरोखर इजा करतात. शेजाऱ्यांचं काय ते तुम्ही बघा. नवा तुकडा आधी फ्लूटवर बसवला तर दोघांचेही कान वाचतात.

पहिलं वाद्य लाकडी घेऊ नका. आवाज सुरेख असतो, पण ओल आणि एसीच्या फेऱ्यात लाकूड तडकू शकतं. कृत्रिम साहित्याचा, धातूच्या हेडचा (फुंकायच्या भागाचा) पिकोलो सुरुवातीला बरा.

नोकरीचं म्हणाल तर भारतात जागा फार थोड्या. मुंबईत एनसीपीएचा (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. त्यांच्या मैफलींना जा, फ्लूटवाले नीट दिसतील अशी जागा धरा आणि पिकोलो कधी उचलला जातो, त्याआधी त्याचं काय केलं जातं, ते बघा.